भागाकार टाळण्याचा इतिहास

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका नव्या मूळ संख्येची घोषणा झाली. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. उरते ती ही संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत आणि तोवर माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांपेक्षा ती मोठी होती. एन्व्हिडिया कंपनीत पूर्वी काम केलेले ल्यूक ड्युरंट यांनी ठिकठिकाणच्या केंद्रांमधले ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन ती शोधली. पहिला सुगावा डब्लिनमधल्या प्रोसेसरने दिला, शिक्कामोर्तब टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत झाले. साहजिकच बातमी रंगली ती यंत्रांची: किती प्रोसेसर, किती वेग, किती खर्च. बातमीत चूक काही नव्हते, पण श्रेय भलत्याच खात्यावर जमा झाले असे मला वाटते. सर्वांत मोठी मूळ संख्या शोधण्याचा हा छंद निदान चारशे वर्षांचा आहे, आणि या चारशे वर्षांचे कागदपत्र पाहिले तर विक्रमाने जेव्हा जेव्हा मोठी झेप घेतली तेव्हा तेव्हा त्यामागे कोणीतरी शोधलेली, काम वाचवणारी युक्ती होती. ज्यांनी जास्त भागाकार केले त्यांच्यापेक्षा ज्यांनी भागाकार टाळले त्यांनी हा इतिहास घडवला. यंत्रे आली ती टाळून उरलेले काम करायला.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही नि:शेष भागत नाही ती. ही व्याख्याच तपासणीची पद्धत सुचवते: भागून पाहा. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले आणि एकानेही भाग गेला नाही, की काम झाले. १०१ साठी २, ३, ५ आणि ७ एवढ्यांनी भागले तरी पुरते. पण अंक वाढू लागले की हीच सरळ वाट अशक्य होत जाते. त्यात या छंदाला सुरुवातीपासून एका विशिष्ट घाटाच्या संख्यांचे वेड लागलेले आहे, आणि त्याचे मूळ युक्लिडमध्ये आहे. ६, २८, ४९६, ८१२८ या संख्यांच्या भाजकांची बेरीज (संख्या स्वतः वगळून) त्या संख्येइतकीच येते, म्हणून त्या परिपूर्ण. दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनवता येते, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात सिद्ध केले. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी जी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तिच्यातली एकूण बेरीजही याच घाटाची असते: दोनाचा चौसष्टावा घात वजा एक. ती मात्र मूळ नाही, तिला तीननेच भाग जातो. घातांक स्वतः मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते हे लवकर लक्षात आले. घातांक मूळ असला तरी तेवढ्याने पुरत नाही, हे १५३६ मध्ये हुदाल्रिकुस रेगिउसने दाखवले. दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

बोलोन्याचा गणिती पिएत्रो कातालदी हा भागाकाराच्या युगाचा खरा प्रतिनिधी. त्याने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी केली आणि तिच्या आधारे १७ व १९ या घातांकांच्या संख्या मूळ असल्याचे दाखवले. दुसरी संख्या ५,२४,२८७. तिचे वर्गमूळ ७२४ च्या आसपास येते, म्हणजे १२८ मूळ संख्यांनी भागून पाहायचे. काम कंटाळवाणे, पण माणसाच्या आवाक्यातले. इथवर तो विश्वासार्ह आहे. मग त्याने २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांच्या संख्याही मूळ आहेत असे ठोकून दिले, आणि चारांपैकी तीन दावे खोटे निघाले. गंमत अशी की त्या तिन्ही संख्यांचे सर्वांत लहान भाजक अनुक्रमे ४७, २३३ आणि २२३ आहेत. तिन्ही ७५० च्या आतले, म्हणजे त्याच्याच यादीतले. यादी हाताशी असताना त्याने भागून पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ होतो. श्रमाची पद्धत श्रमाच्या भीतीनेच मोडते, याचे हे पहिले उदाहरण.

पहिली युक्ती आली तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्माकडून, १६४० मध्ये. घातांक विषम मूळ असेल तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ भाजक हा घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीहून एकाने मोठा असलाच पाहिजे, असे त्याने ओळखले. घातांक २३ असेल तर भाजक ४६ च्या पटीत एक मिळवून येणार. पहिलाच उमेदवार ४७, आणि त्यानेच भाग जातो. ३७ साठी ७४ च्या पटी घ्यायच्या: ७५ मूळ नाही, १४९ ने भाग जात नाही, पुढचा २२३ आणि त्याने जातो. कातालदीचे दोन दावे फर्माने जवळजवळ बसल्या जागी उलथवले. बाकीचे सगळे भाजक आधीच बाद झालेले असल्याने त्यांच्याकडे पाहायचेही कारण उरले नाही. पॅरिसचा धर्मगुरू मारँ मर्सेन हा फर्माचा पत्रमित्र. त्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांनी मूळ संख्या मिळतात याची यादी छापली, आणि या संख्यांना त्याचेच नाव चिकटले. यादीत पाच चुका होत्या: ६७ आणि २५७ नको असताना आले, ६१, ८९ आणि १०७ हवे असताना राहिले. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरणार नाही, असे याच गृहस्थाने नमूद केले होते. तरी त्याने सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर अंकी संख्यांविषयी निकाल दिला! त्याची यादी गणित म्हणून कच्ची, पण आव्हान म्हणून पक्की ठरली. ती पूर्ण तपासायला तीनशे वर्षे लागली.

फर्माची वाट पुढे नेली लिओनार्ड ऑयलरने. १७७२ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला होता, दृष्टी जवळजवळ गेलेली, आणि बरेचसे लेखन तो सांगून करून घेत असे. घातांक ३१ ची संख्या म्हणजे २,१४,७४,८३,६४७. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे येते आणि तोवर ४,७९२ मूळ संख्या आहेत. फर्माच्या अटीला ऑयलरने आणखी एक अट जोडली: भाजकाला आठने भागले तर बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजक २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवूनच येऊ शकतो. असे उमेदवार ३७३, आणि त्यांतले स्वतः मूळ असलेले फक्त ८४. चार हजार सातशेहून अधिक भागाकार चौऱ्याऐंशीवर आले. संख्या मूळ ठरली आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या पुस्तकात लिहिले की हिच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या ही शोधली जाणारी शेवटचीच असेल, कारण या गोष्टी कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि त्यांच्यापुढे जायचा प्रयत्न कोणी करील असे वाटत नाही. बार्लोला हसणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. भागाकाराच्या वाटेने पाहिले तर ती खरोखर शेवटाजवळ आली होती. वाटच बदलेल, एवढे त्याला दिसले नाही.

वाट बदलली एदुआर ल्युकाने, १८७६ मध्ये. भाजक शोधण्याचा नादच त्याने सोडून दिला. या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी आहे. त्याच्या पद्धतीला १९३० मध्ये अमेरिकेच्या डेरिक हेन्री लेमरने जे सुटसुटीत रूप दिले ते शाळेतल्या मुलालाही करून पाहता येते. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आणि जी संख्या तपासायची आहे तिने भागून बाकी ठेवायची. ही क्रिया घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा केली की शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ. शून्य सोडून काहीही उरले तर नाही. घातांक पाच, म्हणजे संख्या ३१. चारचे झाले १४, चौदाचे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८, आणि आठाचा वर्ग वजा दोन म्हणजे ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल लागला. आता २०४७ घ्या. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ असे करत नवव्या पायरीला १७३६ उरतात. संख्या मूळ नाही. या सगळ्या हिशेबात २३ किंवा ८९ यांचे नाव कुठेही आले नाही, हे लक्षात घ्यावे. संख्येला भाजक आहेत हे कळले. ते कोणते हे कळले नाही, आणि प्रश्न तो नव्हताच.

ल्युकाने या विचाराने १२७ घातांकाची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. ती ३९ अंकी आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. फर्मा आणि ऑयलर यांच्या दोन्ही चाळण्या लावूनही तिच्यासाठी भागाकाराचे सुमारे अडीच कोटी अब्ज उमेदवार उरतात. सेकंदाला एक भागाकार केला तरी ऐंशी कोटी वर्षांचे काम. ल्युकाला लागले सव्वाशेच्या आसपास वर्ग. ते त्याने दोनाच्या पायातल्या अंकांत, बुद्धिबळासारख्या १२७ गुणिले १२७ घरांच्या पटावर सोंगट्या मांडून करण्याची रीत सांगितली आहे. दोनाच्या पायात मर्सेन संख्येने भागून बाकी काढणे म्हणजे नुसते वरचे अंक खाली आणून मिळवणे, त्यामुळे तिथला भागाकारही नावापुरताच. हाच ल्युका आपल्याकडे वेगळ्याच कारणाने पोहोचलेला आहे. तीन खांब आणि चकत्यांचे ‘हॅनोईचे मनोरे’ हे कोडे त्यानेच १८८३ मध्ये टोपणनावाने बाजारात आणले. काशीच्या देवळात ब्राह्मण चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवत बसले आहेत आणि त्या हलवून संपल्या की जग संपेल, ही गोष्ट त्या कोड्याबरोबर पॅरिसमध्ये रचली गेली. काशीला तिचा पत्ता नाही. त्या चकत्या हलवायला किती चाली लागतात? दोनाचा चौसष्टावा घात वजा एक. गडी खेळण्यातही आपल्या संख्यांना सोडायला तयार नव्हता.

ल्युकाच्या पद्धतीवर पहिला आक्षेप असा घेता येतो की भाजक न दाखवता ‘भाजक आहेत’ म्हणणे हे अर्धवट ज्ञान नाही काय? या आक्षेपाच्या मागे एक प्रसिद्ध प्रसंग उभा आहे. मर्सेनच्या यादीतली ६७ घातांकाची संख्या मूळ नाही हे ल्युकाने १८७६ मध्येच दाखवले होते. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले, एकीकडे घात काढला, दुसरीकडे गुणाकार केला, दोन्ही उत्तरे सारखी आली आणि सभेने टाळ्यांचा गजर केला, असे सांगतात. हे सांगणारा मुख्य माणूस एरिक टेंपल बेल, तोही कित्येक दशकांनंतर; आणि बेलची लेखणी रंग भरण्यात कुशल होती, तेव्हा मौनाची आणि हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागल्याची कथा थोडी जपूनच घ्यावी. अवयव मात्र खरे आहेत, कोणीही गुणून पाहावे. कोल यांच्या कामाची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते की मूळ आहे की नाही हा प्रश्न सत्तावीस वर्षे आधीच सुटला होता. कोल यांनी दुसऱ्या, त्याहून कठीण प्रश्नाचे उत्तर दिले. हे दोन प्रश्न किती दूरचे आहेत हे आज जास्त स्पष्ट दिसते. चार कोटी अंकी संख्या मूळ असल्याचे आपण सिद्ध करू शकतो. उलट दोन मूळ संख्या गुणून मुद्दाम कठीण बनवलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली तेव्हा तो विक्रम ठरला. बँकेच्या व्यवहारांना कुलूप लावणारी आरएसए पद्धत या दोन प्रश्नांमधल्या दरीवरच उभी आहे. ल्युकाने दोन प्रश्नांची फारकत केली नसती तर ही दरी आहे हेच आपल्याला कळले नसते.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात उरकता येईल. उरल भागातले पाद्री इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये ६१ हा घातांक मिळवला, अमेरिकेतल्या पॉवर्स यांनी १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७. येल विद्यापीठातल्या होरेस उलर यांनी १९४० च्या दशकात उरलेसुरले घातांक बाद केले आणि १९४७ पर्यंत मर्सेनची यादी एकदाची दुरुस्त झाली. यातल्या एकानेही १२७ चा विक्रम मोडला नाही. तो पंचाहत्तर वर्षे टिकला.

आता मुख्य आक्षेप. १९५२ नंतरचे सगळे विक्रम संगणकाचे आहेत, तेव्हा युक्तीचे युग संपले आणि यंत्राचे सुरू झाले, असे का म्हणू नये? तारखा या आक्षेपाच्या बाजूच्या दिसतात. १९५१ मध्ये फ्रान्सच्या फेरिए यांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रावर ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी संख्या मिळवली. ३० जानेवारी १९५२ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर राफाएल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमने ५२१ आणि ६०७ हे दोन घातांक एकापाठोपाठ दिले, आणि ऑक्टोबरपर्यंत १२७९, २२०३ व २२८१ हेही. ऐंशीपेक्षा कमी अंकांवरून जवळजवळ सातशे अंकांवर, तेही दीड वर्षाच्या आत. पण त्या रात्री यंत्र काय करत होते ते पाहिले पाहिजे. स्वॅकची मुख्य स्मृती २५६ शब्दांची होती; रॉबिन्सन यांनी यंत्र न पाहता, नुसती माहितीपुस्तिका वाचून प्रोग्रॅम लिहिला; आणि त्या प्रोग्रॅममध्ये ल्युका-लेमर यांची कसोटी होती. तिच्याजागी भागाकार बसवला असता तर? ५२१ घातांकाच्या संख्येचे वर्गमूळच ७९ अंकी आहे. स्वॅकचे सोडा, आजच्या जगातले सगळे संगणक विश्वाच्या आरंभापासून चालवले असते तरी ते काम टक्क्याच्या अंशानेही सरकले नसते. वेग वाढवून भरून निघेल असे हे अंतरच नाही. शिवाय केंब्रिजच्या त्या ७९ अंकी संख्येची घडण पाहा: ल्युकाच्या ३९ अंकी संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक एक. पहिल्या संगणकीय विक्रमाने आपला पाया फ्रेंच मास्तरच्या जुन्या कामावर घातला, कारण शेजारच्या संख्येचे पुरेसे अवयव आधीच माहीत असल्याशिवाय अशी सिद्धता उभी राहात नाही.

हे ‘शेजारच्या संख्येचे अवयव’ प्रकरण सगळ्या विक्रमांच्या मुळाशी आहे. मर्सेन संख्येत एक मिळवला की निव्वळ दोनाचा घात उरतो. त्याचे अवयव सांगायला विचार करावा लागत नाही, आणि ल्युकाची कसोटी नेमकी त्याच माहितीवर चालते. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ॲमडाल कंपनीतल्या सहा जणांनी मर्सेन नसलेली एक संख्या विक्रमाला नेली. ३,९१,५८१ गुणिले दोनाचा २,१६,१९३ वा घात, वजा एक. नावाने ती मर्सेन नाही, स्वभावाने त्याच कुळातली. तिच्यातही एक मिळवला की अवयव उघडे पडतात.

पुढच्या दशकांतल्या यंत्रांच्या कथा रंजक आहेत. १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाला ११२१३ हा घातांक सापडल्याचा एवढा अभिमान वाटला की त्यांच्या टपालाच्या शिक्क्यावर ती संख्या मूळ असल्याचे छापून जाई. १९७८ मध्ये लॉरा निकेल आणि कर्ट नोल या अठरा वर्षांच्या दोघांनी २१७०१ मिळवला. मग क्रे महासंगणक आले, आणि १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी घरोघरचे संगणक इंटरनेटवरून या शोधाला जुंपले. पण घातांक वाढला तसा वर्ग करणे हेच अवघड होऊन बसले. चार कोटी अंकी संख्येचा वर्ग शाळेच्या रीतीने करायचा तर दीड हजार लाख कोटींच्या वर छोटे गुणाकार होतात, आणि असे साडेतेरा कोटी वर्ग हवेत. इथे पुन्हा यंत्राने हात टेकले आणि गणिताने वाट काढली. संख्येच्या अंकांना लहरीसारखे वागवून त्यांचे जलद फूरिए रूपांतर केले तर गुणाकाराचे काम लाखो पटींनी कमी होते. ही रीत गाऊसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा मोजताना वापरली होती, १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी ती नव्याने मांडली, १९७१ मध्ये शोनहागे आणि स्ट्रासेन यांनी ती मोठ्या गुणाकाराला लावली. ड्युरंट यांनी भाड्याने घेतलेल्या प्रोसेसरांमध्ये जे धावत होते ते हेच.

याउलट कोणी असेही म्हणेल की मग या विक्रमाला अर्थ काय? सोयीच्या घाटाच्या संख्या निवडायच्या, त्यांच्यासाठीच चालणारी कसोटी वापरायची, आणि ‘सर्वांत मोठी’ म्हणून मिरवायचे. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. चार कोटी अंकी मूळ संख्या ही तिच्या आकाराच्या मूळ संख्यांची नमुनेदार प्रतिनिधी नाही. तिच्या आधी आणि नंतर अगणित मूळ संख्या आहेत ज्यांच्याविषयी आपल्याला काही सांगता येत नाही. कोणत्याही घाटाच्या संख्येला लागू पडणारी, हमखास आणि वाजवी वेळात संपणारी कसोटी असते का, हा प्रश्न २००२ पर्यंत उघडा होता. तो आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सोडवला. त्यांतले शेवटचे दोघे तेव्हा नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी होते. सिद्धान्त म्हणून ते काम या शतकातल्या मोठ्या गोष्टींत गणले जाते, पण विक्रमासाठी ते कोणी वापरत नाही, कारण प्रत्यक्षात ते संथ आहे. सर्वसाधारण संख्यांसाठी दुसऱ्या, व्यवहारात वेगवान अशा पद्धती आहेत आणि त्यांनी पोहोचता आलेला टप्पा लाखभर अंकांच्या आसपासचा आहे. म्हणजे यंत्रे तीच, काळ तोच, आणि एकीकडे लाखभर अंक तर दुसरीकडे चार कोटी. हे शेकडो पटींचे अंतर पैशाने किंवा विजेने पडलेले नाही. एका घाटासाठी ल्युकाची कसोटी आहे, दुसऱ्यांसाठी तशी नाही, एवढेच त्याचे कारण. विक्रम ‘सोयीचा’ आहे असे म्हणणारा माणूस नकळत माझाच मुद्दा मांडतो.

यंत्राच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न जास्त गंभीर आहे. कोल यांचा गुणाकार कोणीही तपासू शकतो. ल्युका-लेमर कसोटीत शेवटी शून्य आले की नाही, हे सगळा हिशेब पुन्हा केल्याशिवाय कळत नाही. आणि यंत्रे चुकतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमधली भागाकाराची चूक थॉमस नाइसली या प्राध्यापकांच्या हाती लागली ती जुळ्या मूळ संख्यांचा हिशेब करतानाच. यंत्र बरोबर असले तरी माणसे चुकतात: ७,४२,०७,२८१ हा घातांक एका संगणकाने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कळवला होता, पण तो कोणाच्या लक्षात आला २०१६ च्या जानेवारीत. यंत्रे चुकतात म्हणून प्रत्येक हिशेब वेगळ्या यंत्रावर पुन्हा करून दोन्हींच्या बाक्या ताडून पाहण्याचा दंडक पडला. हा दुप्पट खर्च अलीकडे वाचला तोही गणितामुळेच. आता घातांकांची पहिली तपासणी फर्माच्या १६४० च्याच दुसऱ्या एका प्रमेयावर आधारलेल्या कसोटीने होते. तिला गेर्बिच यांनी सुचवलेली चूक पकडण्याची सोय जोडता येते, आणि हिशेबाबरोबर एक छोटा दाखला तयार होतो जो तपासायला मूळ कामाच्या अगदी थोड्या अंशाचा वेळ लागतो. मूळ ठरेल असे वाटलेल्या संख्येवर मात्र शेवटचा शिक्का अजूनही ल्युका-लेमर यांचाच बसतो. सॅन अँटोनिओत तेच झाले.

उपयोगाविषयी मोजकेच, कारण त्या नावाखाली फार भोंगळ लिहिले जाते. कुलूप लावायला या अजस्र संख्या वापरत नाहीत. तिथे काहीशे अंकी आणि गुप्त मूळ संख्या लागतात, आणि जगजाहीर संख्या गुप्त कशी राहणार? लहान मर्सेन संख्या मात्र खरोखर कामाला आल्या: ऑयलरची ३१ घातांकाची संख्या लेमरच्या यादृच्छिक अंक निर्माण करण्याच्या पद्धतीत बसवली गेली, ५२१ ची संख्या आज एका प्रमाणित सांकेतिक वक्रात आहे, आणि मात्सुमोतो व निशिमुरा यांनी जपानमध्ये १९९० च्या दशकात बनवलेला, पायथनसारख्या भाषांत वापरला जाणारा अंकनिर्माता १९९३७ घातांकाच्या मर्सेन संख्येइतक्या आवर्तनानंतरच पुन्हा तेच अंक देऊ लागतो.

या सगळ्या युक्त्यांना मर्यादा कुठे आहे, तेही पाहिले पाहिजे. ल्युकाचा निकाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८७६ मध्ये, बेल्जियममध्ये काम करणाऱ्या यूजेन कॅतालाँने एक माळ मांडली. २ घातांकाने ३ मिळतात, ३ ने ७, ७ ने १२७, आणि १२७ ने ल्युकाची ३९ अंकी संख्या. या सगळ्या मूळ. मग ती ३९ अंकी संख्याच घातांक म्हणून घेतली तर? घातांक मर्सेन मूळ संख्या असला की उत्तर मूळच येते असे नाही, हे १९५३ मध्ये व्हीलर यांनी इलियाक संगणकावर ८१९१ या घातांकाने दाखवून दिले. कॅतालाँच्या माळेचे काय? तिथे ल्युकाची कसोटी लावायची तर पायऱ्यांची संख्याच ३९ अंकी आहे, आणि प्रत्येक पायरीला ज्या संख्येचा वर्ग करायचा तिचे अंक लिहायला पृथ्वीवर जागा नाही. त्यामुळे तिच्याबाबतीत लोक पुन्हा फर्माच्या अटीत बसणारे लहान भाजक घेऊन भागून पाहात आहेत. आजवर एकानेही भाग गेलेला नाही, आणि मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की कुठे तरी संपतात, हेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.